चप्पल आपली, चांभार कुणाचा?

२२ जून २०२५ ला इटलीतल्या मिलान शहरात प्राडा नावाच्या कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांचा शो केला. त्यात चालणाऱ्या पोरांच्या पायात कोल्हापुरी होती. तोच अंगठा, तोच पट्टा, तोच सपाट तळ. कंपनीनं कागदावर लिहिलं, 'चामड्याच्या सँडल'. बस. कोल्हापूर नाही, महाराष्ट्र नाही, भारत नाही. किंमत लाखाच्या पुढं असल्याच्या बातम्या आल्या.

आणि महाराष्ट्र पेटला. अग्रलेख आले. पुढारी बोलले. व्यापाऱ्यांच्या चेंबरनं पत्र धाडलं. हायकोर्टात जनहित याचिका गेली, ती जुलैत फेटाळली गेली. 'आपली कोल्हापुरी', 'आपली अस्मिता', 'आपला वारसा'. ज्यांच्या घराण्यानं सात पिढ्यांत चांभाराच्या घरचं पाणी घेतलं नाही, त्यांचेही डोळे चपलेसाठी भरून आले.

आपली? कधीपासून?

ढोरानं मेलेल्या जनावराचं कातडं आणलं, हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात कमावलं. त्या वासापायी त्याच्या दारावरून जाताना लोकांनी नाकाला धोतराचा सोगा लावला. चांभारानं कापलं, ठोकलं, शिवलं. त्याच्या बायकोनं, पोरींनी वेणी घातली, डोळ्याचं पाणी गळेपर्यंत. ती चप्पल निदान वाड्याच्या पायरीपर्यंत गेली. चांभार तिथपर्यंतही गेला नाही. ह्या सगळ्या आरडाओरड्यात ढोर, चांभार हे शब्द मी शोधत होतो. 'कारागीर' सापडला. 'हस्तकला' सापडली. जात कुठं गेली? चोरी झाली म्हणून बोंब मारायची आणि चोरीला गेलं कुणाचं ते सांगायचं नाही, असला पंचनामा मी पहिल्यांदा बघितला.

२०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. इकडचे चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकातले चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मानांकन दोन सरकारी महामंडळांच्या नावावर. इकडं लिडकॉम, संत रोहिदासांच्या नावाचं. तिकडं लिडकर, बाबू जगजीवनराम यांच्या नावाचं. म्हणजे बघा दोस्तहो, महामंडळाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा जात बरोब्बर आठवली. छाती फुगवायची वेळ आली तेव्हा विसरली.

पुढं डिसेंबर २०२५ मध्ये ह्याच दोन महामंडळांशी प्राडाचा करार झाला. दोन हजार जोड इथं बनवून घ्यायचे, फेब्रुवारी २०२६ पासून जगातल्या चाळीस दुकानांत विकायचे, एका जोडाला सुमारे ८०० युरो. ऐंशी हजारांवर रुपये झाले. आता सगळे खूश. पेपरवाले खूश, मंत्री खूश. जो जोड आपल्याकडं हजारभराला देताना गिऱ्हाईक घासाघीस करतं, त्याच्यावर परदेशी माणसाचा ठप्पा पडला की तो ऐंशी हजारांचा. कातडं तेच, टाके तेच.

आणि कातडं तरी कुठून आणायचं? २०१५ साली महाराष्ट्रात कायदा बदलला. गायीच्या जोडीला बैल, वळूही आले. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून हाणलं, भर रस्त्यावर फिरवून हाणलं, व्हिडिओ काढला. ह्यांना चप्पल पाहिजे, चपलेचा अभिमान पाहिजे, कातडं काढणारे हात तेवढे नकोत. मुंबईत सुधीर राजभर यांनी ह्याच काळात धारावीच्या कारागिरांना घेऊन, चामडं सोडून रबराच्या पिशव्या काढल्या आणि त्यांवर सरळ नाव टाकलं, चमार. जे नाव शिवी म्हणून फेकलं जातं तेच मालावर छापलं. मला तो माणूस पटला. तोही माल माझ्या खिशाला झेपत नाही, पण ते वेगळं.

प्राडानं नवीन काय केलं? वस्तू घेतली, नाव घेतलं नाही. हे तर इथं रोज होतं, आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. ब्रँड ब्रँड म्हणतात तो दुसरं काय असतो? नाव. माल कुणीही करो, नाव एकाचं. नफा नावाला.

तुम्ही म्हणाल, जाफराबादच्या माणसाला कोल्हापूरचं काय पडलंय? आमच्या पूर्णेच्या काठाला कोल्हापुरी होत नाही. आमच्याकडं कापूस होतो. आणि ज्याला तुम्ही फॅशन म्हणता, तिचा जन्म काही मिलानच्या मांडवात होत नाही. दसरा-दिवाळीच्या पुढं आमच्या बाया ओटीत कापूस भरत वाकून चालतात, तिथं होतो.

वेचणी किलोवर असते. आमच्याकडं किलोला दहा-बारा रुपये. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात, त्याचा दर वेगळा नाही. आता हिशोब करू. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलोय, पण त्रैराशिक येतं. शंभर किलो कापूस जिनिंगला नेला की सरकी जाऊन चौतीस-पस्तीस किलो रुई उरते. कातताना, विणताना, बेतताना आणखी गळती. दोनशे ग्रॅमच्या एका टी-शर्टामागं सहाशे-सातशे ग्रॅम कापूस धरा. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे टी-शर्टातला कापूस पन्नास-पंचावन्न रुपयांचा, तोही हमीभाव हातात पडला तर. वेचणारीचे त्यात सात-आठ रुपये. टी-शर्टावर चिठ्ठी ७९९ ची. उरलेले कुठं गेले हे विचारलं की शहाणे लोक सांगतात, 'व्हॅल्यू ॲडिशन'. म्हणजे मायच्या वाकलेल्या पाठीनं व्हॅल्यू ॲड होत नाही, छातीवरच्या चिमणीएवढ्या चित्रानं होते.

आणि कापसाला ब्रँड नसतो असं कुणी समजू नये. बियाण्याला असतो. २००२ साली ह्या देशात बीटी कापसाला पहिली परवानगी मिळाली ती आमच्याच जालन्याच्या महिकोच्या वाणांना, मोन्सँटोच्या तंत्रावर. 'बोलगार्ड' हा शब्द आमच्याकडं अंगठा उठवणाऱ्या म्हातारीलाही पाठ आहे. बियाण्याच्या पाकिटावर नाव, शोरूमच्या टी-शर्टावर नाव. मधले सहा महिने शेतात कोण होतं? बेनाम. १९ ऑगस्ट २०२५ ला सरकारनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. नेमकं आमच्याकडं कापूस फुटायच्या टायमाला. तेव्हा 'आपला कापूस' म्हणून अग्रलेख आले का? चपलेसाठी आले तेवढे तर नाहीच.

मी जाफराबादचा, पण पोट न्हावाशेव्याला. कंटेनर भरायचे, कंटेनर उतरवायचे. १७ मे २०२५ ला हुकूम निघाला की बांगलादेशाचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांनी आत घ्यायचे नाहीत, न्हावाशेवा आणि कोलकाता ह्या दोनच बंदरांतून घ्यायचे. कपड्याच्या खोक्यावर सगळं छापलेलं असतं. स्टाइल नंबर, रंग, साइज, नग, वजन, देश. शिवणाऱ्या बाईचा निदान एखादा आकडा तरी असावा, तोही नसतो. आमच्यातला एकजण नेहमी म्हणतो, "हे बघ, खोक्याला माहितीय आपलं वजन किती, आपल्याला नाय."

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. आत पाच शिवणकारखाने. ११३४ माणसं मेली, बहुतेक बाया. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालची बँक बंद झाली, दुकानं बंद झाली, शिवणाऱ्या बायांना मात्र दुसऱ्या दिवशी आत बोलावलं. नंतर काही बड्या कंपन्या हात झटकू लागल्या, आमचं काम तिथं होत नव्हतं म्हणाल्या. तेव्हा लोकांनी ढिगाऱ्यात हात घातले आणि कपड्यांना शिवलेली लेबलं वर काढली. ही बघा, तुमची. जे लेबल बाईनं दुसऱ्याच्या नावानं शिवलं, तेच तिच्या मेल्यावर तिच्या बाजूनं साक्षीला आलं. 'नावात काय आहे' असं म्हणणाऱ्याला हे सांगावं. नाही तर मराठवाड्यात आणून सोडावं. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आमच्या वस्त्या जळल्या. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही अर्धंच, नामांतराचा नामविस्तार करून. नावाची किंमत आम्हाला कुठल्या शोरूमनं शिकवलेली नाही.

आता आमच्यातल्या काही शहाण्यांकडं वळतो. ह्यांचा एक लाडका शब्द आहे, चंगळवाद. वस्तीतल्या पोरानं जीन्स घातली, केस वाढवले, डोळ्याला गॉगल लावला, पायात पांढरे बूट घातले की ह्यांची चळवळ धोक्यात येते. "समाज उपाशी आणि तू ब्रँड घालतोस?" जाफराबादच्या बाजारात पालावर दोनशे रुपयांत 'पुमा' मिळतो. त्याचं मांजर उलट्या बाजूला उडी मारतं, स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं असतं. विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला माहीत असतं. पोरगं तो घालून स्टँडवर उभं राहतं आणि कुणी बोलायला आलं तर डोळ्याला डोळा देतं. हा चंगळवाद? दोनशे रुपयांत ताठ मान ह्याहून स्वस्त कुठं मिळती, सांगा, मी पण घेतो.

साधी राहणी ही ज्यांच्या फडताळात कपडे होते त्यांची चैन. गांधींनी १९२१ साली मदुरेला अंगावरचे कपडे कमी केले, जगानं महात्मा म्हटलं. आमचा बाप सूट-बूट-टाय घालून उभा राहिला. कारण आम्हाला कपडे टाकायचे नव्हते, मिळवायचे होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचा पोशाख ठरवून दिलाय. मढ्यावरचे कपडे आणि लोखंडाचे दागिने. हे काही पोथीतच राहिलं नाही. महारांचे बावन्न हक्क म्हणून जे सांगतात त्यात मढ्यावरचं कापड होतं. हक्क! मेलेल्याचं कापड ज्याच्या बापानं नेसलं, त्याच्या पोराला नवं कोरं, घडी न मोडलेलं, कागदाचा वास येणारं शर्ट अंगात घालताना काय होतं, ते चंगळवादवाल्याला कळायचं नाही.

१९२८ साली इंदूर संस्थानात पंधरा-वीस गावच्या सवर्णांनी बलाई लोकांना फर्मान काढलं. जरीकाठी पटका बांधायचा नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायांनी सोन्याचांदीचा दागिना घालायचा नाही. बलाई ऐकेनात तेव्हा विहिरी बंद, गुरांची वाट बंद. बाबासाहेबांनी हे 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये लिहून ठेवलंय. आणि त्याआधी डिसेंबर १९२७ ला महाडला, ज्या परिषदेत मनुस्मृती जाळली, त्याच वेळी त्यांनी बायांना सांगितलं : गुडघ्याइतकं लुगडं नेसायची तुमची पद्धत, गळ्याहातातले ते जड कथला-चांदीचे दागिने, ह्यावरून लोक तुमची जात ओळखतात. ती खूण पुसून टाका. बाया ऐकून गप्प बसल्या नाहीत, तिथंच लुगडं नेसायची रीत बदलली. एकीकडं पोथी जाळणं आणि एकीकडं लुगड्याचा घोळ पायापर्यंत सोडणं. दोन्ही एकाच मांडवातलं आंदोलन आहे. आमच्या फॅशनचा इतिहास तिथून लिहावा.

झालं गेलं म्हणाल तर, जून २०१८ ला अहमदाबाद जिल्ह्यात विठलापूरला एका तेरा वर्षांच्या पोराला मोजडी घातली म्हणून मारलं. मे २०२३ ला बनासकांठ्यात पालनपूर तालुक्यात एका तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातले म्हणून मारलं. दगड मारणाऱ्यानं लेबल वाचलं नाही. खरा ब्रँड की डुप्लिकेट, त्याला कर्तव्य नव्हतं. ह्यानं घातलंच कसं, एवढंच.

म्हणून पोरांनो, घाला. रंगीत घाला, भडक घाला. मुंबईतल्या एका शोरूमच्या दारात वॉचमन आधी माझ्या पायाकडं आणि मग तोंडाकडं बघत होता. मी आत गेलो, सगळे मजले फिरलो, एक रुमाल न घेता बाहेर आलो. टाटांच्या झुडिओनं आणि २०२३ पासून रिलायन्सच्या युस्टानं हे दार जरा रुंद केलंय. सगळं ९९९ च्या आत. झुडिओची २०२५ च्या मार्चअखेर साडेसातशेच्या वर दुकानं झाली, तीही फारशी जाहिरात न करता. आपली पोरंपोरी तिथं जातात, ट्रायल रूममध्ये चार-चार शर्ट घालून फोटो काढतात आणि एकच घेऊन निघतात. जाऊ द्या. पण आत गेलात की घडी घालत उभ्या असलेल्या पोरीकडंही बघा, ती दिवसभर बसली का म्हणून विचारा. केरळात कापडदुकानांतल्या बायांनी नुसतं बसायला मिळावं म्हणून वर्षानुवर्षं भांडण केलं, तेव्हा २०१८ ला तिथं कायदा झाला. तमिळनाडूत २०२१ ला झाला. बसायला कायदा लागतो, ही ह्या चकचकाटाची आतली बाजू.

घालायला माझी ना नाही. मला राग येतो तो बस्त्याचा. लग्न ठरलं की दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं गाडी करून जालन्याला नाही तर औरंगाबादेला जातात. दुकानदार गादीवर बसवतो, थंडा पाजतो, "काका, हे बघा, हे बघा" करत थप्पीवर थप्पी सोडतो. मामाचा मान, आत्याचा मान, टॉवेल-टोपी, आहेराच्या पातळांचा गठ्ठा. ती पातळं कुणी नेसत नाही. एकच पातळ सात लग्नं फिरतं, प्लास्टिकची पिशवीसुद्धा फुटत नाही. नेसणारीपेक्षा त्या पातळानंच जास्त पाहुणचार खाल्लेला असतो. आणि ह्यासाठी बचतगटाचं कर्ज, सावकाराचं कर्ज, आता मोबाइलवरचं कर्ज. बौद्ध पद्धतीचं लग्न ते काय? पांढरी साडी, त्रिशरण-पंचशील, संपलं. खर्च वाचावा म्हणून तर होतं. आज पांढऱ्या साडीवर खड्यांचं काम पाहिजे आणि वर सहा वेगळ्या साड्या. नव्या शर्टानं पोराची मान वर होते, बस्त्यानं बापाची खाली जाते, हा फरक समजून घ्या.

आणि गल्ल्यावर कोण बसलंय, तेही बघा. बस्त्याच्या दुकानाच्या गल्ल्यावर आपला माणूस तुम्ही कधी बघितलाय? मी नाही बघितला. आपला माणूस गठ्ठा उचलायला असतो. एप्रिल आला की तेच दुकानदार काचेमागं निळे पटके लावतात, पांढरे कुर्ते लावतात, 'जयंती स्पेशल' पाटी लावतात. जय भीम म्हणायला त्यांना एक महिना जड जात नाही. बाबासाहेब छापलेला टी-शर्ट तुम्ही घेतलात, तो छापला कुणी, शिवला कुणी, नफा कुठं गेला, हे विचारायची सवय आपल्याला नाही.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाच्या माणसानं शाहू महाराजांच्या काळात भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं होतं. 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा, कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. हे कळल्यावर छत्रपतींनी आपली गाडी त्याच्या दारात उभी केली, स्वतः चहा घेतला आणि बरोबरच्या बड्या बड्या लोकांनाही घ्यायला लावला. भाषण केलं नाही, अस्मिता काढली नाही. गिऱ्हाईक झाले. चपलेसाठी परवा जे छाती पिटत होते त्यांतले किती जण कुठल्या चांभाराच्या घरी बसून चहा प्यायले?

आपणसुद्धा एकमेकांचे गिऱ्हाईक कुठं होतो? बौद्धानं मातंगाकडून, मातंगानं चांभाराकडून, किती घेतलं? आपल्यात चांभाराच्या चपलेला शंभर रुपये कमी करणारा पोरगा शोरूममध्ये चिठ्ठीवरचा आकडा गुमान देतो. तिथं घासाघीस करायची जीभ उचलत नाही. इथं उचलते, कारण समोरच्याला नाव नाही.

जाफराबादच्या आणि न्हावाशेव्याच्या आम्ही काही पोरांनी मिळून लिडकॉमला एक कागद लिहायचं ठरवलंय. त्यात तीनच प्रश्न. ८०० युरोंतले किती रुपये कमावणाऱ्या ढोराला, किती शिवणाऱ्या चांभाराला आणि किती वेणी घालणाऱ्या बाईला मिळणार? करारात हे लिहिलंय का? आणि जोडावर प्राडाच्या नावाखाली, भिंग लावून दिसेल एवढ्या अक्षरात का होईना, बनवणाऱ्याचं नाव येणार का? ज्यांना सही करायची त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं. सही येत नसेल तर अंगठा चालेल. उत्तर आलं तर पुढच्या अंकात छापू. नाही आलं तर तेही छापू.